आघातसूचना, व्हिडिओ खेळांतील

व्हिडिओ खेळातील शत्रूचा आघात प्रत्यक्ष होण्यापूर्वी तो कोठून, केव्हा व कोणत्या प्रकारे होणार, हे खेळणाऱ्यास डोळ्यांनी कळावे म्हणून योजिलेला संकेत. शत्रूने मागे खेचलेला हात, त्याच्या अंगावर क्षणभर चमकणारा रंग, डोक्यावर उमटणारे चिन्ह किंवा जमिनीवर आखले जाणारे वर्तुळ ही या संकेताची नेहमीची रूपे होत. प्रत्यक्ष मुष्टियुद्धात ठोशापूर्वी खांदा हलून बेत उघड होणे हा मुष्टियोद्ध्याचा दोष समजला जातो. व्हिडिओ खेळातील शत्रूच्या ठायी मात्र हा दोष हेतुपुरस्सर घालावा लागतो. तो नसल्यास पराभव खेळणाऱ्यास आपल्या चुकीचा वाटत नाही, अन्यायाचा वाटतो आणि खेळातील त्याची गोडी संपते.

संकेताचा अवधी मानवी शरीराच्या मर्यादेवर ठरतो. डोळ्यांना काही दिसल्यापासून बोटाने कळ दाबेपर्यंत सामान्यतः ०·२ ते ०·२५ सेकंद जातात आणि अनेक प्रतिसादांतून एक निवडावयाचा असल्यास त्याहून अधिक. जलद खेळांत पडद्यावरील चित्र बहुधा सेकंदास ६० वेळा बदलते. म्हणजे प्रतिसाद मिळेपर्यंत १२ ते १५ चित्रे निघून गेलेली असतात. स्ट्रीट फायटर २ (१९९१) या कॅपकॉम कंपनीच्या द्वंद्वखेळातील हलके ठोसे याहून कितीतरी कमी अवधीत लागतात. ते पाहून अडविणे अशक्य असल्याने तेथे अंदाज व धाक यांवर डाव चालतो. दोन्ही बाजूंना माणसे असताना हे खपून जाते. यंत्राने चालविलेल्या शत्रूकडून तेच घडल्यास खपत नाही.

या तंत्राचे मूळ ॲनिमेशनपटांत आहे. फ्रँक टॉमस व ऑली जॉन्स्टन या डिझ्नीच्या चित्रकारांनी १९८१ मधील आपल्या ग्रंथात ॲनिमेशनची जी बारा तत्त्वे सांगितली, त्यांत मुख्य हालचालीपूर्वीच्या पूर्वतयारीचा समावेश आहे. उडी मारणारे पात्र आधी खाली वाकते, त्यामुळे प्रेक्षकाची दृष्टी योग्य ठिकाणी वळते. व्हिडिओ खेळात मात्र हे तत्त्व दोन्ही बाजूंना सारखे लावता येत नाही. नायकाने कळ दाबताच वार केला पाहिजे, अन्यथा तो जड व आज्ञेबाहेरचा वाटतो. म्हणून त्याची पूर्वतयारी जवळजवळ काढून टाकतात. शत्रूची पूर्वतयारी उलट ताणून लांबवितात आणि प्रत्यक्ष वार अगदी थोडक्या चित्रांत उरकतात.

या पद्धतीचा आरंभीचा उत्कृष्ट नमुना निन्टेंडो कंपनीच्या पंच-आउट!! या मुष्टियुद्धखेळात आढळतो. १९८४ मधील नाणे टाकून खेळावयाच्या यंत्रावर खेळणाऱ्याचा योद्धा केवळ हिरव्या रेषांनी, आरपार दिसेल असा काढलेला होता. प्रतिस्पर्ध्याचे अंग झाकले जाऊ नये, हा त्यातील हेतू. १९८७ मधील घरगुती आवृत्तीत हाच हेतू नायकाला ठेंगणा व प्रतिस्पर्ध्यांना धिप्पाड करून साधला आहे. त्यांतील ग्रेट टायगर हा फेटेधारी प्रतिस्पर्धी मुंबईचा दाखविला असून त्याच्या फेट्यातील रत्न लुकलुकले की ठोसा येतो. भारतीय म्हणजे जादूगार ही पाश्चात्त्य व जपानी करमणुकीतील जुनी कल्पना येथेही आहेच. तरी संकेत म्हणून हे रत्न अत्यंत सुबोध आहे. बॉल्ड बुल हा प्रतिस्पर्धी उड्या घेत अंगावर धावून येतो आणि नेमक्या क्षणी त्याच्या पोटात ठोसा बसल्यास एका फटक्यात कोसळतो. धोक्याची सूचना हीच अशा रीतीने संधीची सूचनाही होते.

अनेकांनी एकत्र खेळावयाच्या जालावरील खेळांत शरीराच्या हालचाली पुरत नाहीत. गर्दीत शत्रू झाकला जातो आणि संदेश दूरच्या संगणकापर्यंत पोहोचण्यास वेळ लागतो. त्यामुळे २०१३ मध्ये नव्या स्वरूपात आलेल्या फायनल फँटसी १४ या खेळात आघाताचे क्षेत्र जमिनीवर नारिंगी रंगाने दाखवितात. मुदत संपण्यापूर्वी खेळणाऱ्याने त्याबाहेर पडावयाचे असते. ही सोय निःसंदिग्ध खरी, परंतु तिच्यामुळे लक्ष शत्रूवरून उडून जमिनीवर खिळते, हा तिचा मोठा दोष होय. याच खेळातील अवघड लढतींत कित्येक आघातांपूर्वी असे क्षेत्र मुळीच दिसत नाही व शत्रूचा पवित्राच ओळखावा लागतो.

फ्रॉमसॉफ्टवेअर या जपानी संस्थेच्या सेकिरो (२०१९) या खेळाने दोहोंचा मेळ घातला. नेहमीच्या पद्धतीने अडविता न येणाऱ्या आघातापूर्वी धोका या अर्थाचे लाल चित्राक्षर पडद्यावर उमटते. तथापि पुढे येणारा वार भोसकण्याचा, पायांवरचा की पकडण्याचा, हे ते सांगत नाही. ते शत्रूच्या शरीरावरूनच जाणावे लागते आणि पायांवरचा वार असेल, तर उडी घ्यावी लागते. याच संस्थेच्या एल्डन रिंग (२०२२) मधील मार्गिट हा शत्रू उगारलेले शस्त्र अपेक्षेपेक्षा लांब काळ तसेच धरून ठेवतो. घाईने बाजूस झालेला खेळाडू नेमका त्यानंतर सापडतो. हे फसविणे न्याय्य की अन्याय्य, याविषयी खेळाडूंत मतभेद आहेत. सूचना खोटी नसते, ती केवळ लांबविलेली असते, हे लक्षात घेता पहिले मत अधिक सयुक्तिक दिसते.

आळीपाळीने खेळावयाच्या खेळांत वेळेची अडचणच नसते. इन्टू द ब्रीच (२०१८) मध्ये ८ × ८ घरांच्या पटावर शत्रू कोणत्या घरावर आघात करणार, हे आधीच दाखविलेले असते. त्यांना ढकलून त्यांचे वार एकमेकांवर उलटविणे, हाच खेळाचा मुख्य भाग होय.

केवळ रंगावर विसंबलेले संकेत सर्वांना सारखे उपयोगी पडत नाहीत. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांपैकी सु. ८ टक्के व स्त्रियांपैकी सु. ०·५ टक्के व्यक्तींना लाल व हिरवा यांतील भेद नीट कळत नाही. म्हणून रंगाबरोबर आकार, हालचाल वा ध्वनी यांची जोड देतात व रंग बदलण्याची सोय ठेवतात. फोर्टनाइट (२०१७) या खेळात पावलांचे व गोळीबाराचे आवाज कोणत्या दिशेने येतात, हे पडद्यावर चिन्हांनी दाखविण्याची सोय पुढे करण्यात आली. बहिऱ्या खेळाडूंना उपयुक्त असलेली ही सोय ऐकू येणारे खेळाडूही वापरतात.