शोकेसमधलं पांढरं फूल

आमच्या शोकेसमध्ये दगडी फुलासारखी एक पांढरीशुभ्र वस्तू आहे. सासूबाईंनी फार वर्षांपूर्वी रामेश्वरच्या यात्रेहून आणलेली. परवा वर्गात प्रवाळ बेटं शिकवायची होती, म्हणून नमुना म्हणून ती घेऊन गेले. एका मुलीनं विचारलं, "बाई, हे जिवंत होतं तेव्हाही पांढरंच होतं का?" मला काही उत्तर देता येईना. मग घरी येऊन वाचत बसले.

मैत्रिणींनो, मंगळसूत्रातलं पोवळं आपल्या ओळखीचं. उथळ, उबदार समुद्रातलं प्रवाळ हे त्याचं भावंड. ते झाड नव्हे आणि दगडही नव्हे, तर इवल्या इवल्या प्राण्यांची वसाहत. प्रत्येक प्राणी स्वतःपुरतं चुन्याचं घर बांधतो. त्याच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं आणि उन्हाच्या जोरावर अन्न तयार करून त्यालाही पुरवतं. रंगही बराचसा त्या शेवाळाचाच.

पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा अंशभर जरी जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की हे बिऱ्हाड मोडतं. शेवाळ निघून जातं, प्रवाळ पांढरं पडतं. तेव्हा ते मेलेलं नसतं, उपाशी असतं. पाणी वेळेवर निवलं तर शेवाळ परत येतं. नाहीतर उरतो तो नुसता सांगाडा, आमच्या शोकेसमधल्यासारखा.

आपल्या देशात हे पाहायचं तर लक्षद्वीप. केरळच्या पश्चिमेला ३६ बेटं, वस्ती फक्त १० बेटांवर आणि सगळी जमीन मिळून अवघी ३२ चौरस किलोमीटर! ही बेटं प्रवाळानंच घडवलेली. त्यांच्याभोवतीचं प्रवाळाचं कुंपण समुद्राच्या लाटा अडवतं. विहिरींचं गोडं पाणी म्हणजे वाळूत मुरलेलं पावसाचं पाणी. खाऱ्या पाण्यावर त्याचा पातळसा थर तरंगत असतो. कुंपण खचलं, समुद्र आत घुसला, तर घरातल्या हंड्यापर्यंत खारेपणा यायचा.

म्हैसूरच्या नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशनचे संशोधक अगत्ती, कदमत आणि कवरत्ती या बेटांपाशी बुड्या मारून वर्षानुवर्षं जिवंत प्रवाळाची मोजदाद करत आले आहेत. १९९८ साली समुद्रतळाचा सुमारे ३७ टक्के भाग जिवंत प्रवाळानं झाकलेला होता. २०२२ साली तो १९ टक्क्यांच्या आसपास उरला. १९९८, २०१० आणि २०१६ साली समुद्र तापला, आणि २०२४ साली पुन्हा प्रवाळ पांढरं पडलं.

पण मला धीर वाटला तो दुसऱ्याच गोष्टीनं. प्रवाळ पुन्हा वाढतं! मात्र त्याला सलग काही वर्षं विसावा हवा. तापातून उठलेल्या माणसाला दुसऱ्याच आठवड्यात पुन्हा ताप भरला तर तो कसा सावरणार? तसंच हे. पहिल्या दोन तापांमध्ये बारा वर्षांचं अंतर होतं, पुढे सहाच वर्षांचं.

या दुखण्यात सेवा करतात ते मासे. काही मासे मेलेल्या प्रवाळावर माजलेलं शेवाळ खरवडून खातात, म्हणून नव्या पिल्लांना चिकटायला स्वच्छ जागा मिळते. लक्षद्वीपचे कोळी पूर्वापार बाहेरच्या खोल समुद्रात गळानं कुप्पा मासा धरतात, त्यामुळे प्रवाळातले हे मासे बरेचसे वाचले. आता मात्र मागणी वाढली तशी त्यांच्यावरही नजर वळू लागली आहे.

समुद्र निववणं आपल्या एकटीच्या हातात नाही, हे खरं. पण सहलीला गेल्यावर कुणी असं "फूल" विकायला आणलं, तर नको म्हणणं नक्कीच आहे. २००१ सालापासून अशा प्रवाळाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीला उत्तर दिलं. सासूबाईंनाही सगळं सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "अगं, मला वाटलं दगड आहे."

मलाही तसंच वाटत होतं.