मानेतील रोहिणी आणि डोळ्यातील काचबिंदू

सायंकाळची वेळ आहे. घरातील आजोबा ओसरीवर वृत्तपत्र वाचीत बसले आहेत. एकाएकी त्यांच्या डाव्या डोळ्यापुढे वरून खाली पडदा ओढल्यासारखे होते. चार-पाच मिनिटे त्या डोळ्याने काहीच दिसत नाही, आणि मग दृष्टी पूर्ववत होते. "वयाचा दोष, दुसरे काय!" असे म्हणून आजोबा चष्मा पुसतात व वाचन पुढे चालू करतात. असे प्रसंग कितीतरी घरांत घडतात आणि विसरले जातात. वास्तविक ती एक धोक्याची सूचना असते. ती डोळ्यातून आलेली असली, तरी तिचे मूळ पुष्कळदा मानेत असते. मान आणि डोळा यांचा हा संबंध कोणता, आणि काचबिंदूशी त्याचे नाते काय, हे आमच्या विद्यार्थी वाचकांना व त्यांच्या घरच्या वडीलधाऱ्यांना सांगावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम काचबिंदू म्हणजे काय ते पाहू. मोतीबिंदू आणि काचबिंदू ही नावे सारखी वाटली, तरी रोग अगदी भिन्न आहेत. मोतीबिंदूत डोळ्यातील भिंग गढूळ होते. शस्त्रक्रियेने ते बदलले की दृष्टी परत येते. काचबिंदूत मात्र दृष्टीचा मज्जातंतूच झिजत जातो. डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या या दोरखंडात सुमारे १० ते १२ लक्ष सूक्ष्म तंतू असतात. त्यांपैकी जे एकदा नष्ट झाले, ते आजच्या कोणत्याही उपचाराने पुन्हा उगवत नाहीत. शिवाय हा रोग बहुधा दुखत नाही. दृष्टी कडेकडेने आखडत जाते आणि मधली दृष्टी शेवटपर्यंत राहते, त्यामुळे रोग्याला पुष्कळ काळ पत्ताही लागत नाही. भारतात चाळिशी ओलांडलेल्या सुमारे १ कोटी १२ लक्ष लोकांना काचबिंदू असावा, असा तज्ज्ञांचा २०१० सालचा अंदाज होता. आपल्या देशातील खेड्यांतून ज्या पाहण्या झाल्या, त्यांत दहांपैकी नऊ वा त्याहून अधिक रोग्यांना आपल्याला हा रोग आहे हे ठाऊकच नव्हते.

डोळ्याच्या पुढील भागात एक स्वच्छ द्रव सतत पाझरतो आणि एका बारीक जाळीवाटे बाहेर जातो. ही वाट अडली की डोळ्यातील दाब वाढतो. निरोगी डोळ्यात हा दाब साधारणतः १० ते २१ मिलिमीटर पारा इतका असतो. दाब वाढला म्हणजे मज्जातंतू चेपला जातो, हे काचबिंदूचे नेहमीचे स्पष्टीकरण होय. परंतु येथेच एक कोडे पडते. दाब २१ च्या आत असूनही काहींना काचबिंदू होतो, आणि काहींचा दाब २५ असूनही मज्जातंतू शाबूत राहतो. तेव्हा दाबाखेरीज आणखीही काही कारण असले पाहिजे. ते शोधताना वैद्यांचे लक्ष रक्तपुरवठ्याकडे गेले.

आता हे रक्त येते कोठून ते पाहू. हृदयातून निघालेले शुद्ध रक्त मानेच्या दोन्ही बाजूंच्या मोठ्या रोहिण्यांतून वर चढते. इंग्रजीत हिला कॅरोटिड म्हणतात. 'गुंगी आणणे' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून हे नाव पडले, कारण या रोहिण्या दाबल्या असता गुंगी येते, हे प्राचीनांना माहीत होते. (वाचकांनी हा प्रयोग चुकूनही करू नये.) कंठमण्याच्या वरच्या कडेशी या रोहिणीला दोन फाटे फुटतात. आतला फाटा कवटीत शिरतो, आणि तेथे त्याची जी पहिली महत्त्वाची शाखा निघते ती थेट डोळ्याकडे जाते. दृष्टिपटल आणि मज्जातंतूचे मूळ यांचे पोषण याच शाखेवर चालते.

हे नीट समजण्यासाठी आपल्याकडचा दाखला घेऊ. राकसकोपच्या जलाशयाचे पाणी नळांतून बेळगाव शहरात पोहोचते. मोठ्या नळात क्षार साचून तो अरुंद झाला, तर तळमजल्यावर पाणी येत राहील, पण वरच्या मजल्याची तोटी कोरडी पडेल. डोळा हा असाच वरचा मजला आहे. तेथे रक्ताला डोळ्यातील दाबाविरुद्ध आत शिरावे लागते. म्हणून रक्ताचा दाब वजा डोळ्यातील दाब, एवढाच जोर पोषणासाठी उरतो.

थोडे गणित करू. रक्तदाब १२०/८० असता सरासरी दाब सुमारे ९३ येतो. डोळ्याच्या रोहिणीत त्याचा दोनतृतीयांश, म्हणजे ६२ पोहोचतो असे धरतात. डोळ्यातील दाब १६ असेल, तर उरला ४६. रक्तदाब ९०/६० वर घसरला, तर हाच जोर ३१ वर येतो. आता मानेतील रोहिणी ९० टक्के अरुंद झाली असे समजा. तेव्हा डोळ्याच्या रोहिणीतील दाब सुमारे निम्मा होतो. ६२ चे ३१ झाले, त्यातून १६ वजा केले, तर उरले अवघे १५! डोळ्यातील दाब तोच असूनही मज्जातंतूची उपासमार सुरू झाली.

रोहिणी अरुंद होते ती तिच्या आतल्या भिंतीवर चरबी व चुना यांचे थर बसल्याने. वय, उच्च रक्तदाब, मधुमेह, रक्तातील वाढलेली चरबी आणि धूम्रपान ही त्याची प्रमुख कारणे. या थराचा एखादा कण सुटून डोळ्यात जाऊन अडकला, म्हणजे आजोबांना दिसला तसा क्षणिक पडदा येतो. तोच कण मेंदूत गेला, तर अर्धांगवायू. डोळ्यापुढील पडदा रोगट रोहिणीच्या बाजूला येतो, अर्धांग मात्र विरुद्ध बाजूचे लुळे पडते.

रोहिणी फारच अरुंद झाली, तर काचबिंदू एका निराळ्याच वाटेने येतो. अमेरिकेतील कर्न्स आणि हॉलेनहॉर्स्ट या दोन वैद्यांनी १९६३ साली मानेतील अडथळ्यामुळे दृष्टिपटलावर होणाऱ्या परिणामांचे वर्णन केले. उपाशी पडलेला डोळा रक्त मागू लागतो. बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्यावर नव्या, नाजूक रक्तवाहिन्या फुटतात, द्रव वाहून नेणारी जाळी त्यांनी बुजते आणि दाब वाढतो. या प्रकारच्या काचबिंदूच्या कारणांत मधुमेह आणि दृष्टिपटलातील नीला तुंबणे यांच्या खालोखाल मानेतील अडथळ्याचा क्रम लागतो. गंमत अशी, की पुष्कळदा उपासमारीने द्रव पाझरणेही मंदावते, त्यामुळे मोजलेला दाब साधाच भरतो आणि तपासणाऱ्याची दिशाभूल होऊ शकते. मानेतील अडथळा शस्त्रक्रियेने दूर केला की रक्त पूर्ववत येते, द्रव पुन्हा पाझरू लागतो, आणि जाळी बुजलेली असल्याने दाब एकदम चढतो. म्हणून अशा रोग्याला दोन्ही बाजूंच्या तज्ज्ञांची गरज असते.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. साध्या, सावकाश वाढणाऱ्या काचबिंदूत मानेच्या रोहिणीचा वाटा किती, याविषयी शास्त्रज्ञांत अद्याप एकमत नाही. प्रत्येक काचबिंदू मानेतून येत नाही, आणि मानेची रोहिणी अरुंद झालेल्या प्रत्येकाला काचबिंदू होत नाही. डोळ्यातील दाब कमी करणे हाच काचबिंदूवरील सिद्ध झालेला उपचार आहे. म्हणून थेंब कधीही आपल्या मनाने बंद करू नयेत. परंतु डोळा आणि देह वेगवेगळे तपासून भागत नाही, हे आता मान्य झाले आहे. नागपूरनजीकच्या खेड्यांत २००६ ते २००८ या काळात तिशीपुढील ४,७११ ग्रामस्थांची पाहणी झाली. तीत डोळ्यांबरोबर रक्तदाबही मोजला गेला, तो याच विचाराने.

हा विषय आमच्या सीमाभागाला विशेष जवळचा आहे. निपाणी ही तंबाखूची जुनी पेठ. तंबाखूला योग्य भाव मिळावा म्हणून १९८१ साली येथील शेतकरी रस्त्यावर उतरले होते. तंबाखूच्या वखारीतील मजुरीवर कित्येक माउल्यांनी मुले शिकवली, हे आम्ही विसरत नाही. पण ज्या पिकाने भाकरी दिली, त्याचीच विडी मानेतील रोहिणी चिणून टाकते, हेही तितकेच खरे. आमच्या मच्छे गावच्या कारखान्यांतून पाळी संपवून बाहेर पडणाऱ्या कामगार बंधूंनी विडी शिलगावण्यापूर्वी हे एकदा आठवावे.

मग करावे काय? चाळिशीनंतर डोळ्यांची पूर्ण तपासणी करून घ्यावी. केवळ चष्म्याचा नंबर काढणे पुरेसे नाही. डोळ्यातील दाब आणि मज्जातंतू दोन्ही पाहिले गेले पाहिजेत. घरात कोणाला काचबिंदू असेल, तर भावंडांनी व मुलांनी अधिक दक्ष राहावे. एका डोळ्यापुढे क्षणभर जरी पडदा आला, तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. मानेतील रोहिणी ध्वनिलहरींच्या साहाय्याने तपासता येते. तीत सुई नाही, वेदना नाही. मच्छे येथून बेळगाव हाकेच्या अंतरावर आहे, आणि १९६३ सालापासून तेथे वैद्यकीय महाविद्यालय आहे. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांनी आपल्याला काचबिंदू असल्यास तसे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. रात्री झोपेत रक्तदाब आपोआप उतरतो. त्यात औषधाची भर पडून तो फार खाली गेला, तर वरच्या गणिताप्रमाणे डोळ्याची उपासमार होऊ शकते. मात्र गोळीची वेळ किंवा मात्रा डॉक्टरांनीच बदलावी.

विद्यार्थी मित्रहो, तुमचे आजोबा कदाचित हा लेख वाचणार नाहीत. तो तुम्ही त्यांना वाचून दाखवा, आणि "कधी एका डोळ्यापुढे पडदा आला होता का?" एवढे विचारा. तुमच्या त्या एका प्रश्नाने एखाद्या घरातील दृष्टी राखली गेली, तर या लेखाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.