दार उघडे, तरी पाऊल अडते

मुलाकडे किंवा लेकीकडे अमेरिकेत चार-सहा महिने राहून आलेल्या आपल्यापैकी अनेकांनी तेथील लॅटिनो माणसे पाहिली असतील. अंगणातील हिरवळ कापणारी, उपाहारगृहाच्या मुदपाकखान्यात राबणारी, वृद्धाश्रमात आजी-आजोबांना आधार देऊन उठवणारी-बसवणारी ही मंडळी. मेक्सिको, क्यूबा, पोर्तो रिको, मध्य व दक्षिण अमेरिका अशी त्यांची मुळे. २०२० च्या जनगणनेत या समाजाची संख्या ६ कोटी २१ लाखांच्या घरात होती. गेली चार दशके अमेरिकेतील आरोग्य-संशोधक त्यांचा अभ्यास करीत आहेत. त्यातून हाती आलेल्या काही गोष्टी परदेशी मुलांकडे जाणाऱ्या प्रत्येक वृद्धाने व त्याची काळजी वाहणाऱ्यांनी जाणून घ्याव्यात, असे मला वाटते.

पहिली गोष्ट सुखद आहे. १९८६ मध्ये मार्किडेस व कोरील या दोन संशोधकांनी नैर्ऋत्य अमेरिकेतील लॅटिनोंविषयी एक विसंगती मांडली : गरिबी पुष्कळ, शिक्षण कमी, विम्याची सोय तुटपुंजी, तरीही प्रकृतिमान सुस्थित गोऱ्यांच्या जवळपास! २०१९ मध्ये लॅटिनोंचे सरासरी आयुर्मान सुमारे ८२ वर्षे होते, तर गोऱ्यांचे ७९ हून थोडे कमी. कारणांविषयी मतभेद आहेत. धूम्रपान कमी, घरात माणसांचा राबता, प्रकृतीने धडधाकट असणारेच मुळात स्थलांतर करतात, अशी नाना स्पष्टीकरणे दिली जातात. आजारी पडलेले काही जण मायदेशी परततात आणि त्यांचे मृत्यू अमेरिकेच्या हिशेबात येत नाहीत, असेही काहींचे म्हणणे आहे.

पण हे कवच अभेद्य नाही. २००८ पासून ब्रॉन्क्स, शिकागो, मायामी व सॅन डिएगो येथे १६ हजारांहून अधिक लॅटिनो स्त्रीपुरुषांची तपासणी झाली. मधुमेहाचे प्रमाण दक्षिण अमेरिकेतून आलेल्यांत सुमारे १० टक्के, तर मेक्सिकन मूळ असलेल्यांत सुमारे १८ टक्के आढळले. अमेरिकेत जितकी वर्षे अधिक काढली, तितके हे प्रमाण वाढलेले दिसले. (सगळ्यांना एकाच नावाखाली मोजण्यात काय हरवते, हेही यातून कळते.) पुढे करोना आला. लॅटिनोंपैकी कित्येक जण मांस-प्रक्रिया कारखान्यांत, शेतांत, स्वयंपाकघरांत काम करणारे. घरी बसून पगार मिळण्याची सोय त्यांना नव्हती. २०१९ ते २०२१ या दोन वर्षांत त्यांचे आयुर्मान सुमारे ४ वर्षांनी घसरले.

आता जे सांगणार आहे, त्याने एक डॉक्टर म्हणून मी अधिक अस्वस्थ झालो. आयोवा राज्यातील पोस्टव्हिल हे लहानसे गाव. १२ मे २००८ रोजी तेथील मांस कारखान्यावर इमिग्रेशन खात्याने छापा घातला आणि ३८९ कामगारांना अटक केली. पुढे मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी संपूर्ण राज्यातील जन्मनोंदी तपासल्या. छाप्यानंतर लॅटिनो मातांच्या पोटी कमी वजनाचे मूल जन्मण्याचा धोका आदल्या वर्षीच्या तुलनेत २४ टक्क्यांनी वाढला होता. गोऱ्या मातांमध्ये अशी वाढ नव्हती. ज्या लॅटिनो माता अमेरिकेतच जन्मल्या होत्या, ज्यांच्या नागरिकत्वाला कसलाही धक्का नव्हता, त्यांनाही हा फटका बसला. भीती कागदपत्रे पाहून शिरत नाही. ती त्या समाजातील सर्वांच्याच शरीरात उतरते.

हीच भीती सरकारी मदतीच्या आड येते. १९९६ च्या कायद्याने कायम वास्तव्याचा परवाना, म्हणजे ग्रीन कार्ड, मिळालेल्या बहुतेक नवागतांना पहिली पाच वर्षे केंद्राच्या अनेक साह्य-योजना बंद केल्या. सरकारी मदत घेणाऱ्याचा ग्रीन कार्डाचा अर्ज त्या कारणाने नाकारता यावा, असा अधिक कडक नियम २०१८ मध्ये प्रस्तावित झाला. २०१९ मध्ये तो जाहीर झाला आणि २०२१ मध्ये मागे पडला. नियम लागू होण्यापूर्वीच, २०१८ मध्ये, अर्बन इन्स्टिट्यूटच्या पाहणीत स्थलांतरित कुटुंबांतील सातांपैकी सुमारे एका प्रौढाने सांगितले की, आपण किंवा घरातील कोणी भीतीपोटी मदत घेण्याचे टाळले. त्यातील अनेकांना तो नियम लागूही होणार नव्हता.

मग ही माणसे दवाखान्यात येतात कशी? बहुधा ‘प्रोमोतोरा’मुळे. ही त्याच वस्तीतील, तीच भाषा बोलणारी बाई. आपल्याकडील आशाताईंची जणू बहीणच. साखरेची तपासणी कोठे होते, तेथे काय विचारतात आणि काय विचारत नाहीत, हे ती स्वयंपाकघरात बसून समजावते. छापील पत्रकापेक्षा तिच्या शब्दाला वजन असते.

भाषेची अडचण किती जीवघेणी ठरते, याचे फ्लोरिडातील १९८० सालचे एक प्रकरण वैद्यकवर्तुळात प्रसिद्ध आहे. बेशुद्ध तरुणाच्या घरच्यांनी ‘इंतोक्सिकादो’ असा स्पॅनिश शब्द वापरला. त्यांना म्हणायचे होते, खाण्यातून काहीतरी बाधले आहे. डॉक्टरांनी अर्थ घेतला, नशा केली आहे. मेंदूतील रक्तस्राव वेळेवर ओळखला गेला नाही आणि त्या तरुणाचे चारही अवयव कायमचे लुळे पडले.

आपली मराठी या बाबतीत निर्धोक आहे असे समजू नका. ‘जीव घाबरा होतोय’ हे मराठी डॉक्टरला हृदयविकाराची शंका आणणारे वाक्य. तेथे जन्मलेला दहा वर्षांचा नातू त्याचे भाषांतर ‘आजीला भीती वाटते’ असे करील, आणि त्याचे काही चुकले असेही म्हणता येणार नाही. ‘पित्त झालंय’, ‘अंगात कसकस आहे’, ‘पायात गोळे येतात’ यांचे काय होईल, कल्पना करा. शिवाय आजीला मूत्रमार्गाचा त्रास असेल, तर ती नातवासमोर बोलणारच नाही. सरकारी निधी घेणाऱ्या अमेरिकन रुग्णालयांकडे विनामूल्य दुभाषा मागता येतो आणि दूरध्वनीवरून मराठी दुभाषाही मिळू शकतो. ‘मराठी इंटरप्रिटर’ हे दोन शब्द पाठ असू द्यावेत. संकोच मुळीच नको.

पैशांच्या बाजूचेही थोडके सांगतो. ग्रीन कार्डावर जाणाऱ्या आई-वडिलांना वयाची ६५ वर्षे आणि सलग पाच वर्षांचे वास्तव्य पूर्ण झाल्यावर मेडिकेअर विमा घेता येतो. तेथे नोकरी केलेली नसल्यास रुग्णालयाच्या भागासाठीही दरमहा हप्ता पडतो. तोपर्यंतची तजवीज मुलांनी आधी करावी. पाहुणे म्हणून जाणाऱ्यांच्या प्रवास-विम्यातून जुना मधुमेह, रक्तदाब बहुधा वगळलेले असतात. तो बारीक मजकूर निघण्यापूर्वी वाचावा. मात्र जिवावर बेतले, तर खर्चाच्या धास्तीने घरी थांबू नये. १९८६ पासूनच्या कायद्यानुसार जवळजवळ प्रत्येक रुग्णालयाच्या तातडीच्या विभागाला, पैसे वा कागदपत्रे न पाहता, तपासून स्थिर करावेच लागते. बिल मागाहून येते, हे खरे.

जाताना औषधांची यादी मूळ नावांनी न्यावी, कारण आपल्या व्यापारी नावांचा तेथे उपयोग नाही. आपले पॅरासिटामॉलसुद्धा तेथे अ‍ॅसिटॅमिनोफेन या नावाने मिळते. त्याच कागदाच्या मागे आपला नेहमीचा त्रास आपल्याच शब्दांत, मराठीत लिहून ठेवावा. दुभाष्याला फोनवरून तोच वाचून दाखवता येतो.