उत्तराला उशीर कोठे होतो?

म्हैसूरचे प्राच्य ग्रंथालय १८९१ साली स्थापन झाले. कौटिल्याच्या अर्थशास्त्राची पोथी १९०५ साली येथेच आर. शामशास्त्री यांच्या हाती आली आणि १९०९ साली त्यांनी तिचा मूळ पाठ छापून प्रसिद्ध केला. ताडपत्रांच्या अशा संग्रहात सूची असेल तर हवी ती पोथी चटकन सापडते. नसेल तर एकेका पोथीची दोरी सोडून पाहावे लागते. संगणकातील माहितीसाठ्याची, म्हणजे डेटाबेसची, गत याहून निराळी नाही.

समजा, एखाद्या ग्रंथालयाची नोंदवही मुख्य संगणकावर ठेवलेली असून वाचनकक्षातील संगणक त्याच इमारतीतील बिनतारी जाळ्याने त्यास जोडलेले आहेत. प्रश्न विचारला की उत्तरास पंचवीस सेकंद लागतात. दोष साहजिकच जाळ्याला दिला जातो. हा निष्कर्ष घाईचा होय. प्रथम तोच प्रश्न मुख्य संगणकावर बसून विचारावा. तेथेही तितकाच विलंब झाला तर जाळे निर्दोष समजावे व सूची तपासावी. बायर आणि मॅक्क्राइट यांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या ‘बी-वृक्ष’ रचनेमुळे दहा लाख नोंदींतील एक नोंद तीन-चार पायऱ्यांत मिळू शकते. मात्र ग्रंथनामाच्या मधल्याच अक्षरांवरून शोध घेतल्यास ही सूची निरुपयोगी ठरते. छापील सूचीचेही तसेच आहे.

मुख्य संगणकावर उत्तर तत्काळ आले, तर कोडे अधिक मनोरंजक होते. पुष्कळदा असे आढळते की आज्ञावली आधी पाच हजार ग्रंथांची यादी मागवते आणि मग प्रत्येक ग्रंथाच्या लेखकाचे नाव स्वतंत्रपणे विचारते. एका फेरीस सेकंदाचे पाच सहस्रांश लागले, तरी पाच हजार फेऱ्यांचे पंचवीस सेकंद होतात. मुख्य संगणकावर ही फेरी जवळजवळ फुकट पडते, म्हणून तेथे दोष दिसत नाही. अशा वेळी अधिक क्षमतेचे जाळे विकत घेणे म्हणजे एका खेपेस एकच पुस्तक आणणाऱ्या शिपायासाठी दार रुंद करणे होय! ग्रंथ व लेखक यांची कोष्टके जोडून एकच प्रश्न विचारावा, हा खरा उपाय. पृष्ठांची छायाचित्रे विनाकारण मागवली जात असतील तर मात्र दाराची रुंदी महत्त्वाची ठरते. तेथेही आधी मागणी कमी करून पाहावी.

मोजणी करताना एक सावधगिरी हवी. तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला असता उत्तर बहुधा संगणकाच्या स्मृतीतूनच येते. म्हणून दुरुस्तीपूर्वीच्या पहिल्या खेपेची तुलना दुरुस्तीनंतरच्या दुसऱ्या खेपेशी करू नये.