उलट वळणाऱ्या लहरी

वर्गसमीकरण सोडवितांना पुष्कळदां दोन उत्तरें येतात; एक धन, दुसरें ऋण. खांबाची उंची किंवा मजुरांची संख्या काढावयाची असल्यास ऋण उत्तर निरर्थक म्हणून आपण खोडून टाकतों, आणि तेथें तें योग्यच असतें. परंतु असेंच एक ऋण उत्तर पदार्थविज्ञानांत कसें खरें ठरलें, तें विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनींहि जाणून घेण्यासारखें आहे.

पाण्यांत तिरपी धरलेली काठी वांकडी दिसते, कारण प्रकाशकिरण पाण्याच्या पृष्ठभागाशीं वळतो. तो किती वळतो हें वक्रीभवनांकावरून समजतें. पाण्याचा हा अंक सुमारें १.३३, कांचेचा सुमारें १.५. हा अंक येतो कोठून ? प्रकाश ही विद्युत् व चुंबक या दोन क्षेत्रांची मिळून झालेली लहर आहे. पदार्थ विद्युत्क्षेत्रास कसा प्रतिसाद देतो तें एक संख्या दाखविते, चुंबकक्षेत्रास कसा देतो तें दुसरी. या दोहोंच्या गुणाकाराचें वर्गमूळ म्हणजेच वक्रीभवनांक.

आतां समजा, या दोन्ही संख्या ऋण आहेत. ऋण गुणिलें ऋण धन. तेव्हां कांहींच बदललें नाहीं असें वाटेल. पण वर्गमूळास दोन चिन्हें असतात. रशियन शास्त्रज्ञ व्हिक्टर व्हेसेलागो यांनीं १९६७ सालीं प्रतिपादन केलें कीं, अशा पदार्थाचा वक्रीभवनांक ऋणच मानला पाहिजे. याचें एक कारण असें : पदार्थ लहरीची थोडी तरी शक्ति शोषून घेतो, म्हणून लहर आंत जाईल तसतशी क्षीण झाली पाहिजे. हें शोषण समीकरणांत मांडून धन मूळ घेतलें, तर लहर पुढें जातां जातां वाढूं लागते. म्हणजे फुकटची शक्ति! ऋण मूळ घेतलें तरच ती क्षीण होते. नेहमींचा किरण लंबरेषा ओलांडून पलीकडे जातो. या पदार्थांतला किरण ज्या बाजूनें आला त्याच बाजूस वळतो.

मात्र असा पदार्थ सृष्टींत सांपडेना. तो अखेर हातानें घडवावा लागला.

ऋण प्रतिसाद म्हणजे काय, हें घरीं पाहतां येतें. दोऱ्यास दगड बांधून दोरा हातांत धरा. हात सावकाश डावीउजवीकडे हलविल्यास दगड हाताबरोबर जातो. तोच हात झपाट्यानें हलवा. दगड हाताच्या उलट दिशेस जाऊं लागतो. इंग्लंडांतील जॉन पेंड्री व त्यांचे सहकारी यांनीं बारीक तारांच्या जाळीनें पहिली संख्या (१९९६) आणि फट ठेवलेल्या धातूच्या कड्यांनीं दुसरी संख्या (१९९९) ऋण करण्याची युक्ति दाखविली. कड्यांत खेळणारी वीज त्या दगडासारखीच उलटी झुलते.

दुरून ज्वारीचें शेत एक हिरवी चादर दिसतें. तसेंच कडीं लहरीच्या लांबीहून पुष्कळ लहान असलीं तर लहरीस तीं निरनिराळीं भासत नाहींत; हजारों कड्यांऐवजीं दोन सरासरी संख्यांवर गणिताचें काम भागतें. अशा रचित पदार्थास मेटामटीरियल म्हणतात. द्रव्यापेक्षां रचना महत्त्वाची, हें कलकत्त्यास जगदीशचंद्र बोस यांनींहि १८९८ सालीं अनुभविलें होतें : तागाच्या पिळलेल्या जुड्यांतून विद्युत्-लहरी पाठविल्या असतां त्यांची कंपनपातळी फिरली.

अमेरिकेंत सॅन डिएगो येथें शेल्बी, स्मिथ व शुल्झ यांनीं २००१ सालीं कडीं व तारा यांचा लोलक करून प्रयोग केला. रचनेचें एक घर ५ मिलिमीटरांचें, लहर सुमारें ३ सेंटिमीटर लांब. टेफ्लॉनच्या लोलकानें लहर नेहमींच्या बाजूस वळली, या लोलकानें उलट बाजूस. अंक निघाला उणे २.७. पुढील वर्षीं कांहीं शास्त्रज्ञांनीं हें अशक्य आहे असा आक्षेप घेतला, आणि मला वाटतें, तो घेतला हें बरेंच झालें. कारण २००३ मध्यें इतरांनीं स्वतंत्र प्रयोग करून तोच निकाल मिळविला.

ड्यूक विद्यापीठांत २००६ सालीं अशाच रचित कड्यांच्या वेढ्यानें तांब्याच्या नळकांड्यास लहरींपासून बव्हंशीं लपविण्यांत आलें. वर्गांतून अदृश्य होऊं इच्छिणाऱ्यांनीं मात्र घाई करूं नये. तें लपविणें मायक्रोवेव्ह लहरींच्या एका कंपनसंख्येपुरतेंच होतें. दृश्य प्रकाशाची लहर मिलिमीटरच्या सुमारें दोन हजाराव्या भागाइतकी. तिच्यासाठीं घडण त्याहूनहि बारीक हवी, आणि तेथें धातु प्रकाशाचें शोषण फार करितात.