फिनलंडचे कुलूप, आपले दार

साध्या सिलिंडर कुलपात स्प्रिंगवर टेकलेल्या पिना असतात. ठोका देऊन त्या उडवता येतात, आणि कुलूप फसते. फिनलंडच्या एमिल हेन्रिक्सनने 1907 साली या स्प्रिंगांनाच रजा दिली. त्याच्या रचनेत, म्हणजे आजच्या ‘अब्लॉय’ कुलपात, खाच असलेल्या चकत्या ओळीने बसवलेल्या असतात. चावीवरचा प्रत्येक काप आपापली चकती ठरलेल्या कोनात फिरवतो. सगळ्या खाचा एका रेषेत आल्या की बाजूची सळई त्यांत उतरते आणि गाभा फिरतो. स्प्रिंगच नाही, त्यामुळे कडाक्याच्या थंडीतही अडकण्याची भीती कमी.

हे कुलूप मागवताना खरी गोम आकारात आहे. फिनलंडमध्ये अंडाकृती सिलिंडर चालतो. आपल्याकडच्या बऱ्याच मॉर्टिस कुलपांना ‘युरो प्रोफाइल’ लागतो. कंपनी तीच, पण भोकात शिरणार नाही! युरो सिलिंडरची लांबी स्क्रूच्या भोकाच्या मध्यापासून दोन्हीकडे वेगळी मोजतात, उदाहरणार्थ 30/40 मिलिमीटर. माप हँडलच्या पट्टीसकट घ्यावे, सुताराच्या अंदाजावर सोडू नये. सिलिंडर बाहेर बोटभर डोकावत राहिला, तर चोर तो पकडीत धरून मोडतो. स्क्रूच्या भोकाशी धातू सर्वांत कमी असतो ना. मग आतल्या चकत्यांचे सारे कौशल्य वाया.

जादा चाव्या मात्र कुलपाबरोबरच मागवाव्यात. नंतर बहुधा कोडचे कार्ड दाखवावे लागते, आणि नाक्यावरच्या चावीवाल्याकडे असली कोरी चावी नसते.