मनाचा कौल कधी मानावा?

निर्णयाची वेळ आली की आपण आधी चार जणांना विचारतो. स्वतःच्या मनाचा कौल मात्र ऐकून न ऐकल्यासारखा करतो. उलट काही जण ‘मनाला वाटले’ एवढ्यावरच आयुष्याची पुंजी पणाला लावतात. मग मनावर विश्वास ठेवावा तरी कधी?

या प्रश्नावर डॅनियल काहनेमन आणि गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञांच्या भूमिका परस्परविरोधी होत्या. अग्निशमन अधिकाऱ्यांचा अभ्यास केलेल्या क्लाइन यांना अनुभवी माणसाच्या अंतःप्रेरणेचे मोल वाटे. काहनेमन यांचा भर तिच्या चुका दाखवण्यावर होता. २००९ मध्ये दोघांनी संयुक्त लेख लिहिला आणि दोन अटींवर त्यांचे एकमत झाले. त्या क्षेत्रात विश्वासार्ह खुणा पुन्हा पुन्हा दिसायला हव्यात. आणि त्या शिकण्यासाठी दीर्घ सराव हवा, तसेच आपला अंदाज बरोबर ठरला की चुकला, हे कळायला हवे. केवळ ठाम वाटणे हा अचूकतेचा पुरावा नव्हे, असेही त्यांनी बजावले.

किनाऱ्यावरचा अनुभवी रापणकार पाण्याच्या रंगावरून मासळीचा थवा ओळखतो. अंदाज खरा होता की खोटा, हे जाळे ओढताच कळते. म्हणून त्याच्या नजरेवर विसंबता येते. जमीन किंवा घर मात्र आपण आयुष्यात एकदा-दोनदाच घेतो. तेथे सराव नाही. म्हणून मनाच्या कौलाला कागदपत्रांची आणि जाणकाराच्या सल्ल्याची जोड हवीच.

भीती आणि लोभ हेही आतल्या आवाजाचे सोंग घेतात. ‘डिजिटल अटके’ची धमकी देणारा भामटा ‘आत्ताच पैसे भरा’ म्हणतो, तेव्हा घाई भीतीची असते. ‘पोलीस असे पैसे कसे मागतील?’ ही शंका मात्र आपल्या अनुभवाची असते. फोन ठेवून तिला वेळ द्यावा. फसवणूक झालीच, तर १९३० या क्रमांकावर तातडीने तक्रार करावी.

मनाची पारख वाढवण्याचा उपाय साधा आहे. महत्त्वाचा निर्णय घेताना काय वाटले आणि का वाटले, ते वहीत लिहावे. सहा महिन्यांनी निकालाशी ताडून पाहावे. आपले मन कोठे खरे बोलते आणि कोठे फसते, हे त्या नोंदीच सांगू लागतात. आत्मविश्वास असा अनुभवाने कमवावा लागतो.